मनपाची नोटीस नेमकी कशाकशावर येते? नाशिकमधल्या मिळकतदारांसाठी धागा

पाथर्डी_फाटा (धागाकर्ता)

मंडळी, शेजारच्या इमारतीत पार्किंगला भिंती घालून काढलेल्या गाळ्यांना नोटीस लागली आणि तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं बंद होऊन एफएसआयवर (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) चर्चा सुरू आहे. सिंहस्थ जवळ येतोय तशी रस्तारुंदीकरणाची आणि अतिक्रमणांची चर्चा वाढलीय, त्यामुळे घबराट भरपूर आणि माहिती कमी. सेक्रेटरीपद गळ्यात असल्याने जे वाचावं आणि विचारावं लागलं ते इथे टाकतो. जाणकारांनी भर घालावी.

मनपाचा माणूस जागेवर येतो तेव्हा त्याच्या हातात एकच कागद महत्त्वाचा असतो: मंजूर नकाशा. जागेवर आहे आणि नकाशात नाही, ते अनधिकृत. ते काम कुणी केलं, कधी केलं, तुमच्या आधीच्या मालकाने केलं का, हे सगळं नंतर. आमच्या सोसायटीत हा नकाशा कुणाकडेच नव्हता. बिल्डरने दिलेलं रंगीत ब्रोशर मात्र चार जणांनी जपून ठेवलेलं निघालं.

सगळ्यात जास्त भानगडी साइड मार्जिनच्या. म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, सरकारी भाषेत सामासिक अंतर. जागा आपल्या मालकीची, पण तिथे बांधायचं नाही, हेच लोकांना पटत नाही. तळमजल्यावाला आधी पत्र्याचं शेड टाकतो, मग त्यात वॉशिंग मशीन येतं, मग शेडला भिंती येतात, मग भाडेकरू येतो. दुकानदारांचं पुढच्या बाजूला: ओटा, पायऱ्या, गटारीवरून रस्त्यावर उतरलेला रॅम्प. मार्जिनमधलं शेड आणि रस्त्यावरचा रॅम्प ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, कारण दुसरं थेट सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण.

मग पार्किंग. स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत) ऑफिस, तळघरात क्लास नाहीतर गोडाऊन. स्टिल्ट पार्किंग स्वतंत्र गाळा म्हणून विकता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलंय. तरी 'पार्किंगसकट घेतलंय, पावती आहे' म्हणणारे भेटतातच.

टेरेसवरचं शेड, गच्चीवरची हॉटेलं, परवानगी न घेता लावलेले फलक आणि मोबाइल टॉवर, राहत्या फ्लॅटमध्ये चालणारं हॉस्टेल हीही यादीत आहेत. बंद केलेल्या बाल्कनीबद्दल मलाच नीट कळलेलं नाही.

माझा प्रश्न: यातलं नियमित काय होऊ शकतं आणि पाडावंच लागेल ते काय?

---

रेघोट्या

आर्किटेक्टच्या व्यवसायात आहे म्हणून लिहितो.

नियमित होण्यासाठी दोन कसोट्या आहेत. काम हिशेबात बसतं का, आणि जागेत बसतं का. हिशेब म्हणजे चटईक्षेत्र. डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, सगळे तिला युडीसीपीआर म्हणतात, नाशिकलाही तीच लागू आहे. तिच्यात मूळ एफएसआय, प्रीमियम भरून मिळणारा, टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) आणि शिवाय पूरक म्हणजे अॅन्सिलरी एफएसआय (निवासीला ६० टक्क्यांपर्यंत) असे थर आहेत. जुन्या इमारतींनाही यामुळे कधीकधी वाव निघतो. बंद बाल्कनीचं क्षेत्र एफएसआयमध्ये मोजलं जातं, त्यामुळे तो प्रश्न बहुतेक वेळा हिशेबाचा असतो. पैसे भरून, सुधारित नकाशा मंजूर करून मार्ग निघू शकतो.

मार्जिनचं तसं नाही. ती जागा हवा, उजेड आणि अग्निशमनची गाडी यांच्यासाठी असते. एफएसआय कितीही शिल्लक असला तरी मार्जिनमधल्या खोलीला जागा कुठून आणणार? पार्किंगचंही तेच. नकाशात जेवढ्या गाड्या दाखवल्यात तेवढ्या जागेवर बसल्या पाहिजेत. गाळे काढलेत ते मोकळे करणं हाच उपाय, आणि यात फार कल्पकता दाखवू नये.

आता परवानगी कशाला लागत नाही तेही सांगतो, कारण लोक रंग लावायलाही घाबरायला लागलेत. प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, आहे त्याच जागी खिडकी-दरवाजा बदलणं, छपराची दुरुस्ती याला बांधकाम परवानगी नको. पण कॉलम, बीम, स्लॅबला हात लावायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय काम करू नका. पाइप लपवायला कॉलम छिनणारे महाभाग मी पाहिलेत. गच्चीवर पावसाळ्यापुरतं तात्पुरतं छत टाकायलाही नियमात परवानगीची वाट आहे. आपल्याकडे गंमत अशी की हा पावसाळा दिवाळीनंतरही संपत नाही.

---

टवाळ_नाशिककर

पण ते १५०० फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही ना आता? माझ्या मेव्हण्याने म्हसरूळला त्याच भरवशावर वरचा मजला काढायला घेतलाय. म्हणतो, पेपरात आलं होतं.

---

रेघोट्या

@टवाळ, मेव्हण्याला आजच फोन करा. थट्टा नाही.

पेपरात जे आलं ते अर्धं वाचलं गेलं. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर मंजुरीची वाट बघत बसावं लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. परवानाधारक तांत्रिक व्यक्तीने केलेला नकाशा, मालकीचे कागद आणि शुल्क जमा करायचं आणि त्याची पोच हीच परवानगी धरली जाते. १५० ते ३०० मीटरसाठी दहा दिवसांत मंजुरीची सोय आहे. नियम दोन्हीकडे तेच: मार्जिन, उंची, एफएसआय. नकाशाच दिला नसेल तर पोच नाही, आणि पोच नसेल तर ते सरळ विनापरवाना बांधकाम. एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याला कैदेचीही तरतूद आहे.

नवीन बांधणाऱ्यांसाठी अजून एक. जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणीचा दाखला घ्यायचा असतो. इथेच मार्जिनची चूक पकडली जाते, आणि तेव्हा ती दुरुस्त करणं स्वस्त पडतं.

---

टवाळ_नाशिककर

फोन केला. 'तुझ्या आर्किटेक्टला काय कळतंय' असं उत्तर आलंय. बहिणीला सांगतो, तिथून काम होईल.

---

तिवंधा_चौक

तुमचं सगळं नव्या नाशिकचं चाललंय. आमच्याकडे जुन्या नाशकात मार्जिन हा शब्दच नाही. भिंतीला भिंत, मधे वितभर बोळ. आमची भानगड वेगळी. काका पुण्याला, चुलते तीन, वाडा सामाईक, खाली जुने भाडेकरू, आणि दर पावसाळ्याच्या आधी धोकादायक म्हणून नोटीस. दुरुस्तीला कुणी पैसा काढत नाही. भाडेकरू निघत नाहीत, कारण निघाले की हक्क गेला अशी भीती. मालकांपैकी एक-दोघांना वाडा आपोआप पडला तर बरंच, असं मनातून वाटत असावं. (हे मी घरच्यांसमोर बोलू शकत नाही, इथे बोलतोय.) नोटीस आमच्या नावावर आहे, मग पडल्यावर कोण जबाबदार?

---

मृणाल_इंदिरानगर

@तिवंधा_चौक, नोटीस मालक आणि भोगवटादार या दोघांसाठीही असते, म्हणजे राहणारे सुटत नाहीत. पण मालकाने दुर्लक्ष केलं आणि जीव गेला तर पोलिसांचं प्रकरण आधी मालकाच्या दारात येतं.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातलं कलम २६४ हे धोकादायक इमारतीचं. त्याच्या जोडीला २६५-अ आहे: तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं. ही तरतूद वाड्यांपुरती नाही. १९९०च्या आसपासचे जे अपार्टमेंट आहेत, ते सगळे यात येतात, आणि तिथे कुणाच्या गावीही नसतं.

ऑडिटनंतर इमारतीचा वर्ग ठरतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे राहत असताना दुरुस्ती चालेल. सी-३ किरकोळ. तुमच्या नोटिशीत यातलं काय लिहिलंय ते आधी बघा, सगळं त्यावर अवलंबून आहे.

आणि भाडेकरूंना हे समजावून सांगा: रिकामं करून घेताना कोणाच्या ताब्यात किती क्षेत्र होतं याची मोजणी आणि यादी करून द्यायची असते. ती यादी हातात असेल तर घर सोडल्याने हक्क बुडत नाही. ही यादी करण्यात मालकांनी टाळाटाळ केली की भाडेकरू अडून बसतात, आणि मला त्यांचं चूक वाटत नाही.

---

तिवंधा_चौक

सी-२ए आहे बहुतेक, कागद काकांकडे. यादीचं माहीत नव्हतं. धन्यवाद ताई.

---

खुटवडनगर_वाला

सिडकोबद्दल कोणीच लिहीना म्हणून मीच लिहितो. इथली मूळ घरं छोटी. कुटुंबं वाढली, पोरांची लग्नं झाली, लोकांनी वर मजले चढवले. कुणी हौस म्हणून नाही चढवले. आज एका गल्लीत सलग दोन-दोन, तीन-तीन मजले दिसतात आणि बहुतेकांच्या मूळ पायाचा वरच्या वजनाशी संबंध नाही. शिवाय जमीन मूळची भाडेपट्ट्याची, म्हणजे आधी सिडकोची ना हरकत, मग मनपाची परवानगी लागायची. दोन दारं. लोक कंटाळून तिसऱ्या दाराने गेले, म्हणजे ठेकेदाराने.

गल्लीतला एक जण तक्रार करतो आणि मग सगळ्यांना नोटिसा जातात, म्हणून तक्रार करणाऱ्याला शत्रू धरतात. पण आग लागली तर आमच्या गल्लीत बंब येणार नाही, हे मान्य करायला हवं.

---

अशोकस्तंभ_७५

+१. अवांतर: आमच्याकडे तर घरपट्टी वाढीव बांधकामासकट व्यवस्थित भरतो. इंडेक्स नंबर आहे, नळ आहे, वीजमीटर आहे. मग अनधिकृत कसं?

---

मृणाल_इंदिरानगर

काका, हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. घरपट्टी बांधकाम वापरात आहे म्हणून लागते, कायदेशीर आहे म्हणून लागत नाही. उलट त्याच अधिनियमात कलम २६७-अ आहे: अनधिकृत बांधकामावर घरपट्टीच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड. पुढे निवासी बांधकामांना सूट मिळाली, ६०० चौरस फुटांपर्यंत शास्ती नाही, त्यापुढे हजार फुटांपर्यंत सवलत. पण शास्ती भरली म्हणजे बांधकाम नियमित झालं असा अर्थ काढता येणार नाही, हे त्या कलमातच लिहून ठेवलंय.

थकबाकी असेल तर तिच्यावर दरमहा दोन टक्के चढत जातं ते वेगळं. बिलावर 'शास्ती' शब्द दिसला की ती कोणती, उशिराची की बांधकामाची, हे मात्र विचारून घ्या. दोन्ही एकाच शब्दात येतात आणि लोक चुकीच्या खिडकीवर भांडत बसतात.

---

सौ_डॉक्टर

मी राहत्या फ्लॅटच्या एका खोलीत कन्सल्टिंग करते. नर्सिंग होम नाही, फक्त तपासणी. यालाही वापरातला बदल म्हणतात का?

---

रेघोट्या

डॉक्टर, स्वतः राहून घराच्या छोट्या भागात व्यवसाय करणं, म्हणजे डॉक्टर, वकील, सीए वगैरे, याला निवासी विभागात मर्यादित मुभा असते. सोसायटीची उपविधी आणि घरपट्टीची आकारणी ही दोन वेगळी प्रकरणं, ती तपासून ठेवा. अडचण तेव्हा होते, जेव्हा राहणारं कुणीच उरत नाही आणि अख्खा फ्लॅट दवाखाना होतो, शेजारच्यात पॅथॉलॉजी लॅब, आणि तळमजल्यावर मेडिकल. तिथे वापर बदलला. व्यावसायिक दराने घरपट्टी भरल्याने तो मंजूर होत नाही, वरचं अशोकस्तंभ काकांचंच उत्तर.

आणि पुढेमागे बेड टाकायचे झाले तर अग्निसुरक्षा येईल. २००६च्या कायद्याप्रमाणे ज्या इमारतींना अग्निशमन यंत्रणा बंधनकारक आहे त्यांनी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीचं 'फॉर्म बी' (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) द्यायचं असतं. यंत्रणा बसवून घेतात, फॉर्म विसरतात. नळीच्या पेटीत झाडू ठेवलेले पाहिलेत मी.

---

गोदाकाठी

पूररेषा राहिली. सप्टेंबर २००८चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. त्यानंतर निळी आणि लाल रेषा या गोष्टी नाशिककरांच्या तोंडी आल्या. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथे बांधकाम नाही. निळी ते लाल यांत अटींवर, म्हणजे जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर असलं पाहिजे वगैरे.

गोदावरीचं सगळ्यांना माहीत असतं. नासर्डी (आता नंदिनी), वाघाडी आणि वालदेवीच्या काठी प्लॉट घेताना कुणी रेषा विचारत नाही. 'नाला आहे हो छोटा' म्हणून सांगतात. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पूर आले होते. नाल्यावर स्लॅब टाकून पार्किंग करणाऱ्यांना तर कोपरापासून दंडवत.

---

पाथर्डी_फाटा (धागाकर्ता)

@गोदाकाठी, महत्त्वाचं आठवलंत.

@रेघोट्या, आमच्या इमारतीत काही फ्लॅटना ते 'कपाट' आहे, खिडकीशेजारचं, जे आता बेडरूमचाच भाग आहे. हे तेच का, ज्यावरून इतका गोंधळ झाला होता?

---

रेघोट्या

हो, हे खास नाशिकचं. जुन्या नियमांत भिंतीतल्या कपाटाचं क्षेत्र एफएसआयमधून वगळलेलं असायचं. नकाशात कपाट दाखवायचं, जागेवर ते खोलीत मिसळून टाकायचं, आणि खोली फूट-दोन फूट मोठी म्हणून विकायची. हे वर्षानुवर्षं चाललं. मग २०१५च्या सुमारास याला हरकत घेतली गेली आणि इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. पैसे भरून राहायला आलेल्या लोकांच्या हातात भोगवटा दाखला (इमारत वापरायची परवानगी) नाही, अशी अवस्था. नंतर ६ आणि साडेसात मीटरचे रस्ते ९ मीटरचे धरून जादा चटईक्षेत्र मोकळं करायचा मार्ग काढला गेला, त्यासाठी पुढची पट्टी रस्त्याला सोडावी लागली.

माझं स्पष्ट मत: यात फ्लॅट घेणाऱ्याचा दोष सगळ्यात कमी आणि त्रास सगळ्यात जास्त. तुमच्या इमारतीला भोगवटा दाखला आहे का ते बघा. असेल आणि त्याच्या सोबतच्या नकाशात खोली आहे तशी दाखवली असेल तर विषय संपला. नसेल तर मात्र हे कपाट पुनर्विकासाच्या वेळी नाहीतर कर्जाच्या वेळी उघडणारच.

---

हिरवी_पाने

बांधकामाबाहेरचं थोडं. स्वतःच्या कंपाउंडमधलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा शहरात लागू आहे. अर्ज उद्यान विभागाकडे. फांद्या छाटायच्या नावाखाली अख्खं झाड बोडकं करणंही त्यातच येतं. पन्नास वर्षांवरच्या झाडांना २०२१च्या दुरुस्तीने वारसा वृक्षाचा दर्जा मिळालाय, तिथे तर फार जपून.

५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडावर नवीन बांधकामाला पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. ते नकाशात असतं, जागेवर खड्डा बुजवून गाडी लावतात. नियमावलीत याला बांधीव क्षेत्राच्या दर शंभर मीटरमागे वर्षाला हजार रुपयांपर्यंत आकारणी आहे.

घरदुरुस्तीचा राडारोडा मोकळ्या प्लॉटवर किंवा नदीकाठी टाकणं, घंटागाडीत ओला-सुका एकत्र देणं, नळाला थेट मोटर लावणं हे दंडाचे नेहमीचे प्रकार. मोटर लावणारे शेजाऱ्यांच्या शिव्या खातात ते वेगळं.

---

टवाळ_नाशिककर

बहिणीने काम थांबवलंय. मेव्हणा आता माझ्याशी बोलत नाही. त्याने विचारायला सांगितलंय (बहिणीमार्फत) की नोटीस आलीच तर लगेच पाडतात का?

---

मृणाल_इंदिरानगर

पाडत नाहीत लगेच. १३ नोव्हेंबर २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी प्रक्रिया घालून दिलीय: नोंदणीकृत टपालाने नोटीस, इमारतीवरही चिकटवलेली, उत्तराला किमान पंधरा दिवस, म्हणणं ऐकून घेणं, आणि कारणांसह आदेश. पण हे संरक्षण रस्ता, फूटपाथ किंवा नदीपात्रालगतच्या अतिक्रमणाला नाही. धाग्याच्या सुरुवातीला ते रॅम्पचं लिहिलंय ना, तिथे हा फरक लागू होतो.

नोटीस आली की तीन गोष्टी. ती घ्या, 'साहेब घरी नाहीत' करू नका, चिकटवली की मिळाली असंच धरतात. कलम कोणतं ते वाचा, म्हणजे एमआरटीपीचं ५३ (विनापरवाना विकास), ५४ (काम थांबवा), की महानगरपालिका अधिनियमाचं २६० (विनापरवाना बांधकाम) किंवा २६४ (धोकादायक इमारत). आणि मुदतीत लेखी उत्तर द्या, नकाशाची प्रत जोडून. तोंडी ओळखीवर विसंबून राहिलेल्यांचीच प्रकरणं आमच्याकडे शेवटच्या दिवशी येतात.

त्याच वर्षीच्या १७ डिसेंबरच्या निकालात न्यायालयाने बँकांनाही सांगितलंय की भोगवटा दाखला तपासूनच कर्ज द्या. म्हणजे मेव्हण्यांना पुढे घर विकायचं झालं तर घेणाऱ्याची बँकच विचारेल.

---

पाथर्डी_फाटा (धागाकर्ता)

वाचनखूण साठवली. शेवटचं एक: मंजूर नकाशा बिल्डर देत नसेल तर?

---

रेघोट्या

शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात नगररचना विभागाकडे अर्ज करा. बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख लागेल, ती तुमच्या खरेदीखतात कुठेतरी असतेच, बहुतेक मिळकतीच्या वर्णनाच्या आसपास. सोबत सर्व्हे नंबर आणि प्लॉट नंबर लिहा, नुसतं सोसायटीचं नाव लिहून फाइल सापडत नाही. सरळ अर्जाने जमलं नाही तर माहिती अधिकार, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवस. नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणी आणि भोगवटा दाखला, चारही एकाच अर्जात मागा.

नकाशा आला की स्कॅन करून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कपाटाचं काय ते बघून सांगतो.